विंचवाचा बूस्ट परत आला

काल दुपारी पसरणी घाट, माझी अबार्थ पुंतो (फियाटची टर्बो गाडी, विंचू हे तिचं चिन्ह). तिसरा गिअर, बाहेर ३७ डिग्री, एसी चालू आणि मॅप सेन्सरवर १८६ किलोपास्कल. (हा सेन्सर इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो, टर्बोचा बूस्ट त्यावरून कळतो.) पाचगणी येईपर्यंत आकडा पडला नाही. एका खेपेवर विश्वास बसेना, म्हणून खाली वाईला उतरून पुन्हा चढलो. पुन्हा १८५. गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. जानेवारीपासून लागलेला पिच्छा सुटला.

लक्षण असं होतं. गाडी थंड असेपर्यंत सगळं ठीक. घाटात पंधरा-वीस मिनिटं ताणली की ३,००० आरपीएमच्या पुढं दम जायचा. १८५ किलोपास्कलच्या जागी १४०. कधी पी०२९९ (बूस्ट कमी पडल्याचा एरर कोड) नोंदला जायचा, कधी काहीच नाही. १४५ बीएचपीची अबार्थ, २,००० आरपीएमपासून २१२ न्यूटन-मीटर हातात देणारी, आणि एसटीच्या मागं ओव्हरटेकला निघताना पायाखाली काही नाही. हे नुसतं चिडचिडीचं प्रकरण नव्हतं, धोक्याचं होतं.

आतापर्यंत काय काय केलं? इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या) दोन्ही होज काढून तपासल्या, क्लिपा बदलल्या. (स्क्रूवाल्या क्लिपा मला टी-जेटवर, म्हणजे या टर्बो इंजिनावर, अजिबात आवडत नाहीत. रबर तापून बसलं की त्या सैल पडतात. स्प्रिंगवाल्याच लावा.) डायव्हर्टर व्हॉल्व्ह बदलला. प्लग बदलले. फियाट लिनिया टी-जेटचा जुना बूस्ट सोलेनॉइड (बूस्ट नियंत्रित करणारा विजेचा व्हॉल्व्ह) मिळवून लावला. दोनदा स्मोक टेस्ट केली (नळ्यांत धूर सोडून गळती शोधायची), दोन्ही वेळा धुराचा एक धागाही कुठून निघाला नाही. मॅप सेन्सरवरचा संशय मात्र फुकटात मिटला. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुण्यात ९५, पाचगणीला ८७. उंची वाढली तसा दाब उतरला, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. कुठलाही सेन्सर विकत घेण्याआधी ही परीक्षा कराच.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात नऊ लॉग (गाडी चालवताना नोंदवलेले आकडे) एकाखाली एक मांडले तेव्हा दिसलं की पडलेला आकडा दर वेळी १३८ ते १४२ मध्येच आहे. बोपदेव घाट असो की पसरणी, ३,२०० असो की ४,५००. हवा गळत असती तर आकडा आरपीएमप्रमाणे हलला असता. हा ठाम उभा होता. म्हणजे कुणीतरी तो तिथं धरून ठेवत होतं, आणि ते काम वेस्टगेटच्या स्प्रिंगचं. (वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी, बूस्ट रोखणारी झडप.) सोलेनॉइडनं काहीच केलं नाही तर बूस्ट स्प्रिंगच्या दाबाशीच थांबतो. पण सोलेनॉइड तर बदललेला! तिथंच मी अडकलो होतो.

शनिवारी वाईला मामेभावाकडे उतरलो होतो. त्याची हळद ठिबकवर आहे. मी बॉनेट उघडून तेच रडगाणं सांगत होतो. तो म्हणाला, "दादा, पाणी पोचत नाही म्हणजे नळी फुटलीच असंल असं कुठंय? आमच्याकडं निम्म्या वेळा ती दुमडलेली असती."

चार महिने मी गळती शोधत होतो. कोंडी शोधलीच नव्हती. आणि धूर गळती दाखवतो, कोंडी नाही.

सोलेनॉइडला तीन तोंडं असतात. एकातून कॉम्प्रेसरचा दाब येतो, दुसऱ्यातून तो वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जातो, तिसऱ्यातून त्यातला काही भाग परत इनटेकमध्ये सोडला जातो. हा तिसरा रस्ता बंद झाला तर सगळा दाब ॲक्च्युएटरवर येतो, वेस्टगेट लवकर उघडतो आणि बूस्ट १४० वर बसतो. रविवारी सकाळी घाट चढून गाडी तापवली, आकडा पडताच थांबलो, बॉनेट उघडलं आणि हातमोजा घालून ती तिसरी नळी चाचपली. शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी मऊ, आणि वळणावर पूर्ण चपटी. गार झाली की आपोआप गोल व्हायची. म्हणून गॅरेजमध्ये ती कधीच सापडली नाही.

खात्री करायला नळी सोलेनॉइडवरून काढली, इनटेककडचं तोंड धूळ जाऊ नये म्हणून टेपनं बंद केलं आणि तशीच गाडी पुढं नेली. १८४! मी एकटाच गाडीत ओरडलो.

कापून पाहिली तर ती वायपरच्या पाण्याची नळी निघाली. माझ्या आधीच्या मालकाच्या काळात कुठल्यातरी गॅरेजनं लावलेली असणार. मूळ नळीचा तुकडा समोर नसताना हाताला येईल ते लावणं ही सवय फार वाईट आहे, आणि ती अशी वर्षांनंतर बाहेर येते.

नवी नळी नाना पेठेतून आणली. व्हर्नियरनं जुन्या निपलचं माप घेऊन, आतून ४ मिमी, मध्ये कापडाची वीण असलेली सिलिकॉन. साधी पातळ सिलिकॉन नळी स्वस्त मिळते, पण टर्बोजवळच्या उष्णतेत तीही फुगते आणि दुमडते. वळण मोठं ठेवलं, दोन सेंटीमीटर जास्त लांबी दिली.

त्याच गल्लीत आणखी एक आनंद सापडला. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यावर बसणारी विंचवाची टोपी, अस्सल, एकही ओरखडा नाही. सात महिने शोधत होतो. घरी येऊन बसवली आणि अंधार पडेपर्यंत गाडीभोवती फिरत राहिलो.

ईएलएम३२७ (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ॲडॅप्टर) बद्दल पुन्हा सांगतो, सगळ्यात स्वस्त ब्लूटूथ नक्कल घेऊ नका. माझी पहिली इतकी हळू वाचायची की बूस्ट पडल्याचा क्षणच निसटायचा. लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि चांगली केबल, हा खर्च वसूल होतो.

जूनमध्ये रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं) करायचा बेत होता. हे लिहिता लिहिता तो बदलतोय. २०१६ ची गाडी आहे, बॉनेटखालच्या बाकीच्या रबराचं वयही तेच. एक नळी चुकीची निघाली तर इतरांवर भरवसा का ठेवायचा? आधी प्रत्येक लहान नळीची लांबी, व्यास आणि जागा लिहून घेतो, सगळ्या बदलतो, मगच रीमॅपचा विचार. यादी इथं टाकेन, लिनिया टी-जेटवाल्यांनाही बरीचशी उपयोगी पडेल. गाडीतून काढलेला मूळ सोलेनॉइड ठणठणीतच होता, तो आता डिकीत स्पेअर.

दोघांनी विचारलंय की आज वापरलेली अबार्थ घ्यावी का. घरात दुसरी गाडी असेल आणि सुटे भाग शोधत फिरायची आवड असेल तर जरूर घ्या. त्या किमतीत चारही चाकांना डिस्क आणि हे स्टिअरिंग दुसरीकडे मिळत नाही. एकच गाडी असेल आणि ती रोज ऑफिसला न्यायची असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन घ्या. १२० पीएस आहेत आणि सर्व्हिस सेंटर गावोगाव आहे. टाटाची टियागो जेटीपी चांगल्या अवस्थेत दिसली तर मला आधी कळवा, भावासाठी हवी आहे.

रविवारी पहाटे साडेपाचला बोपदेव. नळीवर उष्णतारोधक स्लीव्ह चढवून एक लॉग, काढून एक लॉग. कुणाकडे इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर घेऊन या.