कारकारचा लेचोन: रात्रभर जागून भाजलेलं अख्खं डुक्कर

फिलिपीन्समधल्या सेबू शहराच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर कारकार नावाचं शहर आहे. गावाची राखणदार संत कॅथरीन. तिचा सण 25 नोव्हेंबरला. त्या दिवशी कारकारमध्ये कुणाच्याही दारावरून गेलात, तर आत या, जेवा म्हणून बोलावतात. ओळख असलीच पाहिजे असं काही नाही. आणि ज्या घराला परवडतं त्या घरच्या टेबलावर मधोमध असतो लेचोन, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं अख्खं डुक्कर.

मी वसईचा. आमच्या ख्रिस्ती लग्नघरांत डुकराचं मटण मोठाल्या टोपांत, घरच्या मसाल्यात, शिरका घालून शिजतं. डुक्कर मला नवं नव्हतं. पण अख्खं डुक्कर बांबूवर चढवून उघड्यावर भाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. जहाजावर आमचा चीफ कुक सेबूचा. समुद्रावर महिनोन्‌महिने तो एकाच गोष्टीबद्दल बोलायचा: घरचा फिएस्ता, म्हणजे गावच्या संताचा सण, आणि त्याच्या मामाच्या हातचा लेचोन. काँट्रॅक्ट संपल्यावर दोघांची सुट्टी जुळली आणि मी मुंबईहून सिंगापूरमार्गे सेबू गाठलं. तिथल्या साउथ बस टर्मिनलवरून पिवळ्या सेरेस बसनं कारकार. वाटेत तालिसाय लागतं. तेही लेचोनसाठी नावाजलेलं. पण मित्रानं उतरू दिलं नाही. मामाच्या आधी दुसऱ्या कुणाचं खायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

काम सुरू होतं मध्यरात्रीनंतर. डुक्कर जिवंतपणी 35 किलोच्या आसपासचं, कोवळं. त्याहून मोठं घेतलं तर आतपर्यंत शिजेस्तोवर कातडी करपते, लहान घेतलं तर माणसांना पुरत नाही. मारणं झटपट उरकलं. रक्त एका पातेल्यात धरून ठेवलं, त्याचं दुसऱ्या दिवशी शिरका घालून कालवण होतं. मग उकळतं पाणी ओतून केस खरवडणं, पोट चिरून आतडी काढणं, आतून-बाहेरून धुणं. घरातल्या बायका अंगणात दिव्याखाली आतडी उलटी करून मीठ चोळून साफ करत होत्या. काही म्हणजे काही वाया जात नव्हतं.

मामांना सगळे 'नोंग' म्हणत, म्हणून मीही म्हटलं. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे असंच हाकारतात. नोंग मोजकंच बोलायचे आणि हात चालू ठेवायचे. पोटात काय काय भरतात ते त्यांनी मला जवळ बसवून दाखवलं. गवती चहाच्या अख्ख्या जुड्या, मुळाकडचा पांढरा भाग ठेचलेला, एकदोन नाही, दोन्ही हातांत मावणार नाही इतका भारा. मग पातीचा कांदा, लसणाचे न सोललेले गड्डे, तमालपत्रं, मिरी, मीठ. मीठ मूठमूठ घेऊन ते बरगड्यांच्या आतल्या बाजूनं चोळत होते, बाहेरच्या कातडीला मात्र अगदी बेतानं. हिरवा बांबू तोंडातून घालून शेपटीकडून बाहेर काढला, पाय त्याला आवळून बांधले आणि पोट जाड दोऱ्यानं दाभणानं शिवलं. टाके इतके जवळ की आतला रस गळू नये. कान आणि शेपूट करपू नयेत म्हणून त्यांना फॉइल गुंडाळली.

सेबूचा लेचोन मनिलातल्या लेचोनपेक्षा वेगळा तो इथेच. मनिलाकडे कलेजीची दाट गोडसर चटणी सोबत घेऊन खातात. सेबूची माणसं म्हणतात, चव आतून यायला हवी, वरून ओतून नाही. दोन्ही खाल्ल्यावर मी सेबूच्या बाजूचा झालो आहे. चटणी वाईट नसते, पण एवढा गवती चहा पोटात तीन-चार तास वाफाळत राहिल्यावर त्या मांसाला चटणीची गरजच उरत नाही.

आता आगीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी कारागिरी तिथे आहे. मी समजत होतो की खाली निखारे पसरायचे आणि वर डुक्कर फिरवत राहायचं. तसं अजिबात नाही. इपिल-इपिलचा कोळसा होता, म्हणजे आपल्या बांधावरच्या सुबाभळीचा. नोंगनी त्याचे ढीग दोन बाजूंना लावले आणि पोटाच्या बरोबर खाली जागा मोकळी ठेवली. खांदा आणि मांडी जाड, तिथे निखारे जास्त. पोट पातळ, तिथे जवळपास काहीच नाही. शिवाय चरबी सरळ खाली ठिबकते. ती निखाऱ्यावर पडली की भडका उडतो, काजळी धरते आणि कातडीवर काळा डाग पडतो. पहाटेचा वारा फिरला तसे नोंग लांब फावड्यानं ढीग सरकवत होते, कधी वीतभर, कधी चारच बोटं. कोळशाकडे त्यांचं लक्ष कमी, कातडीकडे जास्त.

पहिला तासभर आच मंद. कातडी आधी कोरडी व्हायला हवी, ओलसर राहिली तर ती पुढे चामट होते. मग केळीच्या पानाच्या कुंचल्यानं शहाळ्याचं पाणी लावायला सुरुवात. त्यातल्या साखरेनं रंग येतो. आधी फिकट पिवळा, मग वीटकरी, मग पॉलिश केलेल्या शिसवीसारखा. फिरवणं सतत. दोन पोरं आळीपाळीनं बांबूच्या टोकाला बसलेली, त्यांच्याबरोबर मीही बसलो. हल्ली मोटर लावून फिरवणारे पुष्कळ आहेत, मोठ्या दुकानांत तेच परवडतं. पण हातानं फिरवताना जे कळतं ते मोटरला कळणार नाही. एक बाजू जड लागली की चरबी त्या अंगाला अजून वितळायची आहे हे मनगटालाच समजतं. नोंग मग म्हणत, हळू, हळू, आणि ती बाजू थोडा वेळ आगीकडे धरायला लावत.

शेवटच्या अर्ध्या तासात आच वाढवली. कातडी ताणून चकचकीत झाली, तिच्यावर बारीक बुडबुडे धरू लागले. नोंगनी कोयत्याच्या मुठीनं मांडीवर टकटक केलं. पोकळ आवाज आला. टाक्यांतून गवती चहाच्या वासाची वाफ फुसफुसत होती आणि पायाच्या नळीवरून मांस वर सरकून हाड उघडं पडलं होतं. झालं, असं त्यांनी फक्त मानेनं सांगितलं.

हा पदार्थ स्पॅनिश लोकांनी आणला असं सरसकट लिहिलेलं आढळतं. नाव त्यांचं आहे, सणाचा संतही त्यांनी आणलेला. पण 1521 मध्ये स्पेनच्या वतीनं निघालेल्या मॅगेलन या दर्यावर्दीबरोबर सेबूला आलेल्या आंतोनियो पिगाफेत्तानं इथला एक विधी लिहून ठेवला आहे. दोन म्हाताऱ्या स्त्रिया बांबूचे कर्णे वाजवत, नाचत, सूर्याला वंदन करत आणि मग त्यातली एक भाल्यानं डुकराचा बळी देई. म्हणजे समारंभाच्या मध्यभागी डुक्कर होतंच. हाच मॅगेलन त्याआधी 1505 च्या जहाजांच्या ताफ्यातून पोर्तुगीजांकडून हिंदुस्थानात आला होता, 1509 च्या दीवच्या लढाईत लढला होता. वसई पोर्तुगीजांकडे गेली ती पुढे 1534 मध्ये. एकाच धर्माचे, एकाच काळातले खलाशी आमच्या किनाऱ्याला आले आणि त्यांच्याही. आमच्याकडे टोप राहिला, त्यांच्याकडे बांबू. मला हे अंगणात बसून फार जवळून जाणवलं.

दुपारी टेबलावर लेचोन आला तेव्हा मित्राच्या आईनं, नानायनं, पहिला कातडीचा तुकडा मला दिला. तिकडे पाहुण्याचा मान तोच. दाताखाली काचेसारखा फुटला आणि लगेच जिभेवर विरघळला. खाली चरबीचा नुसता पापुद्रा, बाकी सगळी ठिबकून गेलेली. पण माझं मत विचाराल तर खरी चव बरगड्यांशी, पोटाच्या आतल्या बाजूला. तिथं लसूण आणि गवती चहा मांसात उतरलेला असतो. सोबत पुसो, म्हणजे माडाच्या कोवळ्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत उकडलेला भात, आणि माडीच्या शिरक्यात ठेचलेल्या इवल्याशा मिरच्या. हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून खायची पद्धत आहे. मी पिशवी काढून ठेवली, नानाय खूश झाली.

संध्याकाळपर्यंत लोक येतच होते. चर्चमधून परतणारे, शेजारच्या गावचे, कुणाच्या तरी चुलतभावाचे मित्र. कुणाला तू कोण म्हणून विचारलं नाही. जाताना प्रत्येकाच्या हातात पुडकं. या घरानं त्या एका दिवसासाठी वर्षभर पैसे बाजूला काढले होते. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग 2019 मध्ये फिलिपीन्समध्ये शिरला आणि 2023 मध्ये सेबू बेटावर, तोही या कारकारमध्येच सापडला. माणसाला त्यापासून धोका नाही, पण डुकरं मारावी लागली, परड्यात दोन-चार डुकरं पाळणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. मित्राच्या घरचीही गेली. यंदाचं डुक्कर विकत आणलेलं होतं. तरी लेचोन नको असं घरात कुणी म्हटलं नव्हतं, आणि मला त्यात उधळपट्टी दिसत नाही. वर्षात एकदा गावाला जेवू घालण्यासाठी माणसं कशाकशाला मुरड घालतात हे आपल्याकडच्या जत्रांनी मला आधीच शिकवलं आहे.

उरलेल्याचं काय करतात हेही पाहण्यासारखं. कातडी एकदा थंड झाली की पहिल्यासारखी होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तुकडे करून शिरका, लसूण, मिरी आणि तमालपत्र घालून शिजवतात. त्याला पाक्सिव म्हणतात. आमच्या घरच्या मटणाच्या सर्वांत जवळ जाणारी चव हीच. नानायला मी आमच्याकडचा मसाला दिला होता. तिनं अर्ध्या पाक्सिवमध्ये तो घातला आणि दोन्ही पातेली शेजारी शेजारी मांडली. आमचं पातेलं आधी संपलं.

सणाला जाणं जमणार नसेल तरी कारकारच्या बाजारात लेचोन रोज मिळतो. सकाळी लवकर जा, दहा-अकरानंतर कातडी मऊ पडायला लागते. किलोवर तोडून देतात, पोटात साठलेला रस वर ओततात. बरगडीकडचा भाग मागून घ्या. चिचारोन, म्हणजे तळलेली डुकराची कातडी, आणि आंपाव, म्हणजे पाकातल्या तांदळाच्या लाह्यांच्या वड्या, या दोन्ही कारकारच्याच म्हणून प्रसिद्ध आहेत. चिचारोन विमानातून आणायच्या भानगडीत पडू नका, मांसाचे पदार्थ विमानतळावर अडवतात. आंपाव आणा.