आमची वाटचाल : फडक्यावरच्या रंगापासून मायक्रॉनच्या मोजमापापर्यंत

एक स्प्रे गन, एक कॉम्प्रेसर आणि रबिंग कंपाऊंडचा (रंग घासून चकाकी आणणाऱ्या लेपाचा) डबा एवढ्या भांडवलावर आमचा डेंटिंग-पेंटिंगचा व्यवसाय सुरू झाला. त्या काळी येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर लॅकर किंवा इनॅमलचा एकेरी रंग असे, म्हणजे प्रायमरच्या (पत्र्यावरच्या पहिल्या अस्तराच्या) वरचा सगळा थर रंगाचाच. काही उन्हाळे गेले की बॉनेटवरून फिरवलेल्या बोटाला खडूसारखी भुकटी लागे. परंतु कंपाऊंडने तो मेलेला थर काढला की खालून मूळचा रंग, समजा लाल, वर येई आणि फडकेही लाल होई. फडक्यावर रंग उतरणे ही काम बरोबर चालल्याची खूण होती.

पुढे रंगाचा बेस कोट आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असलेल्या गाड्या येऊ लागल्या आणि आमची ही खूणच निकामी झाली, कारण क्लिअर घासताना फडके पांढरेच राहते. क्लिअरची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही कमी. उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्येही त्याच थरात असतात. जुन्या सवयीने आम्ही एका गडद निळ्या गाडीचा टप मनसोक्त घासला. ताबा देताना तो आरशासारखा दिसत होता. दोन उन्हाळ्यांनंतर त्यावर पांढुरके डाग पडले आणि कडेचे पापुद्रे नखाने सुटू लागले. तो टप आम्ही स्वखर्चाने पुन्हा रंगवला आणि रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र घेतले.

जुना एकेरी रंग की हा नवा, टिकाऊ कोणता, असे विचारल्यास आमचे उत्तर नवा रंग हेच आहे. फारशी निगा न राखताही तो वर्षानुवर्षे चकाकतो, मात्र एकदा क्लिअर सुटले की पॉलिशने काही साधत नाही. खरी प्रगती मला चकाकीपेक्षा तळाच्या प्रायमरमध्ये दिसते. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ होत गेलेल्या पद्धतीत संपूर्ण सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवला जातो, त्यामुळे गन पोहोचत नाही अशा पोकळ्यांतही तो बसतो. जुन्या गाड्यांत बाहेरचा रंग शाबूत आणि आतला पत्रा कुजलेला, असे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

कारखान्यात सुटा सांगाडा सुमारे 140 अंश सेल्सिअसला भाजला जातो. आमच्याकडे गाडी वायरिंग आणि रबरासकट येत असल्याने रंगात तो घट्ट करणारे हार्डनर मिसळून सुमारे 60 अंशांवर भागवावे लागते, आणि रंगाआधीच्या घिसाईत केलेली कुचराई नंतर पोपड्यांच्या रूपाने वर येते.

आता पॉलिशपूर्वी प्रत्येक भागाचे मोजमाप जॉब कार्डवर लिहिले जाते. आमचे यंत्र एकूण जाडी दाखवते, त्यातील क्लिअर किती उरले आहे ते सांगत नाही. म्हणून आकडा संशयास्पद असेल तेथे ग्राहक नाराज झाला तरी आम्ही फक्त वॅक्स लावून गाडी परत करतो.