गोळी लागली, पण कुठे? विस्कॉन्सिनमध्ये हरणाचा माग काढताना

शिकारीच्या गप्पांत बार काढेपर्यंतची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्यानंतरच्या चार-सहा तासांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि नवख्या माणसाचं नेमकं तिथेच अडतं. म्हणून हा वृत्तांत जवळजवळ सगळा बार झाल्यानंतरचा आहे.

जागा विस्कॉन्सिनच्या नैऋत्येची, किकापू नदीचं खोरं. हिमयुगात बर्फाच्या थरांनी राज्याचा बराचसा भाग घासून सपाट केला, पण हा तुकडा त्यातून सुटला. त्यामुळे इथे माथ्यावर मक्याची शेतं, उतारावर ओक-मेपलचं रान आणि तळाशी ओढा, अशी रचना पुन्हापुन्हा दिसते. बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या अमेरिकी सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. आम्ही जातो ती जमीन एका निवृत्त दूध-शेतकऱ्याची. आपसात आम्ही त्यांना आजोबा म्हणतो, त्यांच्यासमोर अर्थात नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. इथलं काहीही तिथे लागू करायला जाऊ नका. इथे परवाना काढून, ठरवून दिलेल्या संख्येत हरीण मारता येतं. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली जावं लागतं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर आणखी एक गाठ आहे. अशा व्हिसाधारकांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगता येत नाही. एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. परवाना खिशात येईपर्यंत मित्राची बंदूक फोटोपुरतीसुद्धा हातात धरू नका, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. मी या वेळी बंदूक नेलीच नव्हती. माझ्याकडे दुर्बीण आणि थर्मास होता. तरी अंगात भगभगीत नारिंगी जॅकेट होतंच. नुसते माग काढायला जाणार असलात तरी ते घाला.

मित्र आणि मी दोघांना बसता येईल अशा शिडीच्या मचाणावर होतो. सूर्यास्ताला अर्धा तास असेल. मक्याच्या कडेने एक मादी आली, साधारण सव्वाशे यार्डांवर, अंग आमच्यापासून किंचित तिरकं वळलेलं. मित्राने चाप ओढला त्याच क्षणी तिने पाऊल पुढे टाकलं. बार झाला तशी ती उधळली नाही. पाठ वाकवून, शेपूट दाबून ती दुडक्या चालीने रानात शिरली.

फुप्फुसात किंवा हृदयात गोळी बसलेलं हरीण बहुतेकदा उसळी मारून जिवाच्या आकांताने पळतं. पाठ वाकली, चाल मंदावली, तर गोळी मागे लागल्याचा संशय घ्यावा. पुरावा म्हणून हे कच्चंच. काही हरणं छातीत गोळी घेऊनही काहीच न झाल्यासारखी जातात.

मचाणावरून उतरायच्या आधी करायचं ते मात्र पक्कं आहे. हरीण उभं होतं ती जागा आणि ते दिसेनासं झालं ती जागा, दोन्ही एखाद्या झाडाशी, खुंटाशी जोडून मनात पक्क्या करा. मोबाईलने तिथूनच फोटो काढा, होकायंत्रावर दिशा बघा. खाली उतरल्यावर तेच शेत वेगळं दिसतं, अंतरं चुकतात. आम्ही दोघं असल्याने सोपं झालं. अर्ध्या तासाने मी खाली गेलो आणि मित्र वरून हातवारे करून मला जागेवर नेत राहिला. एकटे असाल तर मचाणाच्या बुंध्याला फीत बांधून निघा, म्हणजे मागे वळून रेषा ताडता येईल.

जागेवर आधी केस मिळाले. नोव्हेंबरात हरणाच्या अंगावर हिवाळी केस असतात, जाड आणि पोकळ. पाठीचे लांब आणि टोकाला काळपट, पोटाखालचे पांढरे. इथे तपकिरी-करड्या केसांत दोन-चार पांढरे होते, म्हणजे गोळी बरगड्यांच्या मागच्या, खालच्या बाजूला. रक्ताचा पहिला थेंब तिथे नव्हताच. तो पंधराएक पावलांवर पानावर सापडला: गडद, काळपटाकडे झुकणारा लाल, एकही बुडबुडा नाही. फुप्फुसाचं रक्त फिकट गुलाबी आणि फेसाळ असतं. जठर किंवा आतडी फुटली असतील तर रक्तात हिरवट-तपकिरी चोथा येतो आणि वास लपत नाही. मी पान नाकाशी नेलं, वास नव्हता. नुसत्या मांसाला गोळी लागली तर रक्त तांबडंलाल असतं, सुरुवातीला भरपूर दिसतं आणि मग आटत जातं. आमच्या खुणा यकृताकडे बोट दाखवत होत्या.

इथे मित्राचा आणि माझा थोडा खटका उडाला. त्याचं म्हणणं, रक्त समोर दिसतंय, उजेड संपतोय, निदान झाडीपर्यंत जाऊन येऊ. फोनवर आजोबांनी एका वाक्यात निकाल लावला: आल्या पावली परत या आणि कॉफी प्या.

कारण साधं आहे. यकृतात गोळी लागलेलं हरीण मरतंच, पण सावकाश. मागे कुणी नसेल तर ते जवळच्या झाडीत बसतं, बहुतेकदा दोनशे-तीनशे यार्डांच्या आत, आणि बसल्या जागी संपतं. चाहूल लागली की उठतं, आणि मग अंगातल्या शेवटच्या जोरावर मैलभरही जातं, वाटेत रक्त न सांडता. छातीतल्या गोळीला अर्धा तास थांबलं तरी पुरतं, यकृताला तीन-चार तास, पोटातल्या गोळीला किमान सहा-आठ, आणि संध्याकाळ असेल तर सरळ सकाळ. पायाला किंवा मांसल भागाला लागली असेल तर काय करावं, यावर जुन्या शिकाऱ्यांत दोन तट आहेत. काही म्हणतात लगेच पाठलाग करा म्हणजे जखम वाहती राहील. मला ते फक्त बर्फ पडलेला असताना आणि हाताशी भरपूर उजेड असतानाच पटतं.

थांबण्याला हवामानाची अट आहे. त्या रात्री पारा शून्याखाली चार अंशांपर्यंत जाणार होता, त्यामुळे मटणाची चिंता नव्हती. दहा-बारा अंशांची ऊबदार रात्र असती तर पोटातल्या गोळीच्या बाबतीत कठीण निवड करावी लागली असती: थांबलं तर मांस खराब, गेलं तर हरीण हातचं जाण्याची भीती. तिसरी भीती कायोटींची, म्हणजे इथल्या कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतल्या रानटी प्राण्यांची. त्यांना रक्ताचा वास आपल्याआधी लागतो.

रात्री आठच्या सुमारास निघालो. बंदूक रिकामी करून गाडीतच ठेवली, कारण अंधार पडल्यावर बार काढायला परवानगी नसते. हरीण जिवंत आढळलं तर मुकाट मागे फिरायचं आणि उजाडल्यावर यायचं, हे निघण्याआधीच ठरवलं. आजोबा धरून आम्ही तिघं: एक जण शेवटच्या थेंबापाशी उभा राहणार आणि तो हलणार नाही, दुसरा पुढचा थेंब शोधणार, तिसरा दिवा धरणार. मागावरून चालायचं नाही, त्याच्या बाजूने चालायचं.

सामानात दोन वस्तू अशा होत्या ज्यांच्याशिवाय मी आता रानात शिरणार नाही. एक, साधा टॉयलेट पेपर. प्रत्येक थेंबापाशी तुकडा अडकवत गेलं की वीसएक तुकड्यांनंतर मागे दिवा मारल्यावर हरणाची वाट रांगेत उभी दिसते, आणि पुढची दिशा त्यावरून कळते. पावसात तो विरून जातो, प्लास्टिकच्या फितीसारखा रानात लोंबत राहत नाही. दुसरी, औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, फवाऱ्याच्या बाटलीत. नोव्हेंबरातल्या मेपलच्या पाचोळ्यावर इतके लाल ठिपके असतात की दिव्याच्या उजेडात प्रत्येक पान रक्ताळलेलं वाटतं. फवारलं की रक्त फसफसतं, पानाचा ठिपका ढिम्म राहतो. आम्ही ओल्या पाचोळ्यात जवळजवळ प्रत्येक थेंब असाच तपासत गेलो. बेकिंग सोडा घालून ठेवलेल्या व्हिनेगरसारखा फेस येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. बारीक पांढरे बुडबुडे येतात, नीट वाकून बघावं लागतं.

नजर फक्त जमिनीवर ठेवली की फसायला होतं. गुडघ्याच्या उंचीवरच्या काटक्या, गवताच्या पात्यांच्या आतल्या बाजू, आडव्या पडलेल्या ओंडक्यांच्या कडा बघा. रक्त वाटेच्या एकाच बाजूला लागत असेल तर गोळी आरपार गेलेली नसावी, किंवा एक भोक चरबीने बुजलं असावं. आमचा माग सगळा डाव्या बाजूचा होता.

उतार संपताना तारेचं कुंपण आलं. खालच्या तारेला केस अडकले होते, तारेपलीकडे पाचोळा उकरलेला होता. पलीकडे दुसऱ्याची जमीन. विस्कॉन्सिनमध्ये जायबंदी हरणाच्या मागेसुद्धा मालकाच्या परवानगीशिवाय कुंपण ओलांडता येत नाही. मालक नाही म्हणाला तर वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन करून बघता येतं, पण मालकाला भाग पाडता येत नाही. ऑनएक्ससारख्या मोबाईल ॲपच्या नकाशांवर हद्दी आणि मालकांची नावं दिसतात, पण रात्री नऊला अनोळखी घराचा दरवाजा वाजवण्यापेक्षा हंगामाआधी जाऊन ओळख करून घेतलेली बरी. आजोबांची चाळीस वर्षांची शेजारधर्माची पुण्याई कामी आली. तो शेजारी स्वतःच दिवा घेऊन आला.

कुंपणापलीकडे रक्त थांबलं. अशा वेळी पाय आपोआप चालू लागतात, तो मोह टाळा. शेवटच्या थेंबापाशी माणूस उभा ठेवून आधी लहान, मग मोठा असा फेरा घ्या. शेजाऱ्याचं ठाम मत होतं की जखमी हरीण पाण्याकडेच जातं. माझं तितकं ठाम नाही. या भागात प्रत्येक उताराच्या तळाशी ओढा आहे आणि दाट झुडपंही तिथेच आहेत, त्यामुळे आडोसा शोधणारं हरीण पाण्यापाशीच सापडणार. तरी तिथूनच सुरुवात केली, आणि दुसऱ्या फेऱ्यात बसल्याची जागा मिळाली: चेपलेलं गवत, मध्ये गोठलेलं रक्त. तिथून चाळीसेक पावलांवर मादी आडवी होती.

जवळ जाताना पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने कधीच नाही. थांबून बरगड्या हलतात का बघा, मग लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. मेलेल्या हरणाचे डोळे सहसा उघडे असतात. पापणी मिटलेली दिसली तर सावध व्हा. पोट फाडल्यावर कळलं की गोळी उजवीकडून शेवटच्या बरगडीमागे शिरून यकृतातून गेली होती आणि डाव्या फुप्फुसाच्या टोकाला चाटून बाहेर पडली होती. एकट्या यकृतापेक्षा थोडं लवकरच संपलं असणार.

फेऱ्यांतही मिळालं नसतं तर आम्ही माणसं पसरून रान तुडवणार नव्हतो. इथे दोरीला बांधलेल्या कुत्र्याने माग काढणं कायदेशीर आहे, आणि युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या कुत्र्याने माग काढणाऱ्यांच्या संघटनेच्या यादीत जवळचे लोक सापडतात. त्यांना बोलावायचं तर आधीच बोलवा. दहा माणसांच्या बुटांनी सगळीकडे पसरवलेल्या रक्तातून कुत्र्यालाही वाट काढणं अवघड जातं. हंगामात त्यांचे फोन सतत वाजत असतात, म्हणून दोन-तीन नंबर आधीच लिहून ठेवा.

मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर करावी लागते. त्याहून महत्त्वाची तपासणी सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). हरणांचा मेंदू पोखरणारा हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला आणि राज्याच्या दक्षिण भागात तो चांगलाच मुरला आहे. धडधाकट दिसणारं हरीणही बाधित असू शकतं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे. तपासणी फुकट आहे. मानेच्या काही इंचांसह डोकं ठरलेल्या पेटीत ठेवून फॉर्म भरायचा. सोलताना हातमोजे घाला, कणा आणि मेंदू चिरू नका. गोळी शिशाची असेल तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका. शिशाचे कण डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा बरेच लांब उडतात आणि लहान मुलं, गरोदर बायका यांनी ते मांस टाळावं. मित्र पुढच्या हंगामासाठी तांब्याच्या गोळ्या घेणार आहे.

निकालाला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर मांस फ्रीजरमध्ये ठेवताना प्रत्येक पिशवीवर नोंदणी क्रमांक लिहा, आणि खिमा करणार असाल तर दोन हरणांचं मांस एकत्र दळू नका. एकाचा निकाल वाईट आला तर दोन्ही टाकावी लागतील. कसायाकडे देत असाल तर हे त्यालाही आधीच बजावून सांगा, कारण गर्दीच्या दिवसांत तिथे सगळ्यांचा खिमा एकाच यंत्रातून निघतो.