रावेरच्या केळीला बोलता आलं तर

हुशार झाडांची सायन्स फिक्शन म्हटली की झाड मुळं उपटून चालत येणार आणि माणसांना आवळून मारणार, हे वाचून वाचून मला आता खरंच कंटाळा आलाय. झाडाला चालायची गरजच काय? एका जागी उभं राहून त्याचं सगळं चाललंय की, आणि जे चाललंय तेच इतकं भारी आहे की वरून राक्षस कशाला पाहिजे.

म्हणजे बघा, २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या लोकांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ माईक लावल्याचं काम छापून आलं, तर पाणी तोडलेलं रोप तासाला साधारण ३० ते ५० वेळा टिकटिक करतं आणि पाणी मिळालेलं जवळपास गप्प. आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचा, आपला कान २० च्या पुढे बंद, म्हणून आपल्याला शेत शांत वाटतं. झाड हे मुद्दाम करतं असं कोणी म्हणत नाही, खोडातल्या पाण्याच्या नळ्यांमध्ये बुडबुडे फुटत असावेत असा अंदाज आहे. पण गोष्ट लिहायला तेवढं बास. कापसाचं तर त्याच्याही पुढचं, अळीने पान कुरतडलं की झाड असा वास सोडतं की त्या अळीच्या अंगात अंडी घालणारे मित्रकीटक तो वास धरून येतात.

तर माझ्या डोक्यातली गोष्ट जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातली आहे आणि तिच्यातली हुशार जात म्हणजे केळी. कारण सांगतो. आपल्याकडे बहुतेक बागा जी-नाईन या वाणाच्या, टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या, म्हणजे बी नाहीच, एकाच झाडाच्या नकला लाखोंनी लावलेल्या. मग तिला अक्कल आली तर ती एकेका खोडाला येईल का सगळ्या तालुक्याला मिळून एकच? मला वाटतं एकच. आणि कोयत्याला ती घाबरणार नाही! घड उतरला की खोड कापतात, तोवर बुडाशी पील, म्हणजे त्याच कंदातून फुटलेलं नवं रोप, वर आलेलंच असतं, त्यावरच पुढचं पीक घ्यायचं म्हणून पिलबाग धरली की तेच पुढे चालतं. तिच्यासाठी मरण म्हणजे नेमकं काय हे मला अजून नीट लिहिता येत नाहीये, पण आपल्यासारखं नक्कीच नाही. तिची घासाघीस वेगळ्याच गोष्टीवर होणार, चार पिलं फुटलेली असताना त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठली कापायची. ते आजवर माणूस एकटाच ठरवत आला.

दुसरं भांडण पाण्याचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, केळीचं पान मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंनी खाली दुमडतं, छत्री अर्धी मिटल्यासारखं, कडा वाळून कागदासारख्या वाजतात. आमच्या आबांना हे विनामाईकचं कळतं. मी त्यांना टिकटिकचं सांगितलं तर म्हणाले, "अरे भो, सकाळी नऊलेच पान पडलं तं रात्री पाणी कमी गेलं, हे तं दिसतंच ना. तिनं सांगितलं तरी लाईट आहे का आपल्याकडे?" आणि हाच माझ्या गोष्टीचा गाभा झाला. केळी दुपारी दोनला पाणी मागते, मोटर चालवणारी थ्री फेज लाईट येते रात्री, बोअर दरवर्षी खोल जातेय, ठिबकच्या नळ्या सुकलेल्या. ऐकू आल्यावर माणूस मोकळा होत नाही, उलट जास्त अडकतो. रात्रभर टिकटिक ऐकत मोटर सुरू व्हायची वाट बघत बांधावर बसलेला माणूस, हा सीन मी लिहून ठेवलाय.

आणि मग येतो सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. ज्यांनी बागा बघितल्यात त्यांना हा व्हायरस माहीत आहे, पानावर पिवळे पट्टे, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, औषध नाही, मावा कीड तो इकडून तिकडे नेते, झाड उपटून नष्ट करणं एवढाच मार्ग. आता सगळ्या बागा मिळून एकच जीव असेल तर आजारी झाड काय करेल? स्वतःहून सांगेल की मला उपटा, कारण बाकीची लाखो झाडं पण तीच आहे. मला हे सुचलं तेव्हा अंगावर काटा आला.

पण तिचं ऐकणारा शेतकरी उपटत नाही. पीककर्ज त्याच प्लॉटवर, घड दोन महिन्यांवर आलेत, व्यापाऱ्याशी बोलणं झालंय, शेजाऱ्याला कळलं तर गावभर होईल. तो माईकची वायर काढून टाकतो आणि फवारणी मारल्याचं सांगत राहतो. त्याला वाईट दाखवायचं नाहीये मला, अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं माहीत नाही. पुढच्या भागात बांधापलीकडच्या बागेला ती बातमी मुळांमधून पोचते, आणि तिथल्या शेतकऱ्याचा माईक चालू आहे.