एचटूओ आणि मधली ८० वर्षं

"मावशी, एचटूओ लिहिलं की झालं, त्यात समजून काय घ्यायचंय?" भाची वहीतून मान वर न करताच म्हणाली, आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

अगं, हजारो वर्षं जगातली भली भली माणसं पाणी हे मूलतत्त्वच आहे असं धरून चालली होती! १७८१ च्या सुमारास कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने बंद काचेच्या भांड्यात हायड्रोजन आणि हवा भरून ठिणगी पाडली, तर काचेला आतून दव धरलं. साधं पाणी. आगीतून पाणी! बरं, त्याला स्वतःलाही त्याचा अर्थ नीट लागला नाही, पाणी हे संयुग आहे हे ठामपणे सांगितलं लाव्हाझिएने, १७८३ मध्ये.

मग १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यातून वीज सोडून ते परत फोडून दाखवलं, एका तारेपाशी हायड्रोजन, दुसरीपाशी ऑक्सिजन.

तरी 'टू', म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू, कुठंय अजून? अणुसिद्धांत मांडणारा डाल्टन तर हायड्रोजनच्या एका अणूस ऑक्सिजनचा एकच धरत होता, त्यामुळे ऑक्सिजनच्या अणूचं वजन भलतंच कमी यायचं. अॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये वाट दाखवली, की सारख्याच तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच असतात, पण त्याचं म्हणणं बहुतेकांच्या गळी उतरायला १८६० ची कार्ल्सरूची रसायनशास्त्रज्ञांची परिषद यावी लागली, तिथे कॅनिझारोने ते लावून धरलं, आणि तोवर अॅव्होगॅड्रो जाऊन ४ वर्षं झाली होती. मला याचं फार वाईट वाटतं.

मुलांच्या पुस्तकात या ८० वर्षांना निदान एक पान का मिळू नये?