एक फुटवा

परवा मीनाने माझ्या हॅल्सियनचा एक फुटवा मागितला आणि मी नाही म्हणाले. हॅल्सियन म्हणजे होस्टाची एक निळसर जात, आणि होस्टा म्हणजे सावलीत वाढणारं, पानांसाठीच लावायचं झाड.

नाही म्हटल्याचं एवढं काही नाही. पण ते इतकं चटकन तोंडातून निघालं की मीच दचकले. तिचं वाक्यसुद्धा पुरतं झालं नव्हतं. मग वर मखलाशी केली: अगं, व्हायरसची भीती असते, सुरीवरून पसरतो. ती "बरं बरं" म्हणाली, चहा संपवला, गेली. ते "बरं बरं" दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

खोटं बोलले नाही, हे आधी लिहून ठेवते. होस्टा व्हायरस एक्स खराच आहे. १९९६ मध्ये ओळखला गेला. पानावर शाई फुटल्यासारखे डाग येतात, कधी कधी ते दिसायलाच काही वर्षं जातात, आणि औषध नाही. झाड मुळासकट उपटून फेकायचं. झाडाच्या रसातून पसरतो, म्हणजे सुरी, खुरपं, आपले हात, सगळेच संशयित. हे सगळं खरं. फक्त माझ्या हॅल्सियनवर असा एकही डाग नाही, आणि सुरी धुवायला पाच मिनिटं लागली असती.

मावशींनी मला पहिला होस्टा दिला तेव्हा त्यांनी कुठे काय विचारलं होतं? झाडाखालच्या त्या पट्ट्यात काही म्हणजे काही जगत नाही, अशी मी कुरकुर करत होते. त्या उठल्या, गड्डा खणला, फावड्याने मधोमध दोन केले आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. नाव विचारलं तर म्हणाल्या, "नाव कसलं, पानांचं झाड." दोन भागांतला मोठा मला दिला होता. हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. काल रात्री आलं.

आता सत्तेचाळीस आहेत. नावानिशी. सम अँड सबस्टन्सची ताटाएवढी पोपटी पानं, ब्लू माऊस इअर्स तर बशीत मावेल एवढाच. फ्रान्सिस विल्यम्स त्याच नावाच्या बाईंना १९३६ मध्ये एका नर्सरीच्या वाफ्यात दिसला होता, सगळ्या सारख्या रोपांत एकच वेगळा. अशी नजर हवी. आमच्याकडे मात्र घरात सगळ्यांचं एकमत आहे: "सगळी सारखीच तर दिसतात." ह्याने तर एकदा विचारलं, यातलं खायचं कुठलं? (जपानमध्ये कोवळे कोंब खातात हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नाही.) इतकी वर्षं चिखलात गुडघे टेकून, रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचून जमवलेलं, आणि बघणारं कुणी नाही. असो.

मीनाने बघितलं, हीच तर गंमत. ती वाफ्यापाशी थांबून म्हणाली, "हा निळा त्या निळ्यापेक्षा वेगळा आहे ना?" सत्तेचाळीस झाडांच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. आणि हात पुढे केला, तर मी म्हटलं, हात नको लावूस. तेही शास्त्राला धरूनच होतं. निळा रंग पानाचा नसतोच, हिरव्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. बोट फिरवलं की पुसला जातो, ऊन तापलं की उडतो. म्हणजे आधी हात लावू दिला नाही, मग फुटवाही दिला नाही. दोन्ही वेळा कारण अगदी बिनचूक. माझ्याकडे कारणं फार चांगली असतात.

मला बहुतेक कौतुक करणारी हवी होती, तिच्या अंगणात हॅल्सियन असलेली नको होती.

आणि "माझा" हॅल्सियन तरी कुठला माझा? एरिक स्मिथ नावाच्या माणसाने १९६१ च्या संकरातून वाढवलेलं एक रोप. बी लावून तो पुन्हा तसाच येत नाही. म्हणून आज जिथे कुठे हॅल्सियन आहे, तिथे त्या एकाच रोपाचा तुकडा आहे, सुरीने केलेला नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेला. एरिकसाहेबांनी व्हायरसची सबब सांगितली असती तर मी काय जमवलं असतं? शिवाय थंडी पडली की हे सगळं वैभव जमिनीत गडप. तेव्हा माझ्या मालकीच्या उरतात नावांच्या सत्तेचाळीस पाट्या. लांबून बघितलं तर दफनभूमीच.

आज सकाळी पानं बाजूला करून फुटवे मोजले. अकरा. आत्ता तोडला तर पानं माना टाकतील, उन्हाळा उतरला की काढलेला बरा... हे खरं आहे की पुन्हा सबब, ते माझं मलाही सांगता येईना. म्हणून मीनाला फोन करून टाकला. म्हटलं, देते, पण थोडं थांब. ती पुन्हा म्हणाली, "बरं बरं."

पाटी लिहून ठेवलीय, पेन्सिलीने. मार्करची शाई उन्हात उडते. सुरीही धुतली. मोठा भाग द्यायचा की लहान, ते मात्र अजून ठरत नाहीये.