मीठ आणि मोरी

मी खानापूरला आले की काका ठरलेलं विचारतात, "काय गे, अजून बर्फावर मीठच टाकत्येस काय?"

काका बांधकाम खात्यात मैलकुली होते, म्हणजे रस्त्याची डागडुजी करणारे. जांबोटी रस्त्यावरच्या गँगमध्ये त्यांची नोकरी सरली. मी अमेरिकेत मिनेसोटात रस्त्यांवर संशोधन करते. हिवाळ्यात ते चालू कसे ठेवायचे, आणि एक बंद पडला तर वाहतूक कुठून न्यायची, एवढंच. यंदा म्हटलं, नीट सांगूया.

"बर्फ पडायची वाट बघत नाहीत काका. वादळाआधीच मिठाचं पाणी फवारून ठेवतात, साधारण २३ टक्क्यांचं. ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मग बर्फ डांबराला चिकटत नाही, पातं लावलेला ट्रक तो खरवडून नेतो. पण बर्फ वितळेल तसं ते पातळ होतं. म्हणून उणे ९ च्या खाली नुसत्या मिठाचा फारसा उपयोग नाही."

"म्हणजे आम्ही मे महिन्यात रस्त्याखालच्या मोऱ्या उपसायचो तसंच की! पाऊस लागल्यावर फावडं घेऊन गेलीस तर काय उपयोग? मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरनं जातंय. आधी साईडपट्टी खातंय, मग डांबर."

मग मी लॅपटॉपवर नकाशा उघडला. बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटातून एक रस्ता, अनमोड घाटातून दुसरा. एक बंद केला की दुसऱ्यावर किती भार येतो, हे त्यात दिसतं. काकांनी चष्मा लावून पाहिलं. "दोन्हीकडं पाऊस एकच पडतोय नव्हं?"

मी गप्प. आमच्या क्षेत्रात बरीच गणितं एका वेळी एकच रस्ता तोडून केलेली असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीकडच्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू हायवेवर आलं, तिकडे कोल्हापूरजवळ शिरोलीत पंचगंगेचं. वळसा घालायचा तर कुठून? वेदगंगेवरचा जत्राट-भिवशीचा पूल तर जोराच्या पावसात असाही बुडतो. बर्फाचं वादळही सगळ्या रस्त्यांवर एकदमच येतं. म्हणून दवाखान्याचा रस्ता आधी की बसचा, हा क्रम तिथे आधीच लावून ठेवतात. आपल्याकडे घाट बंद झाल्यावर बैठक बसते. (ही कुरकुर मी दर पावसाळ्यात फोनवर करते, घरचे कंटाळलेत.)

काकीने चहा आणला. काका अजून मिठातच.

"आणि बर्फ वितळला की ते मीठ जातंय कुठं?"

"तळ्यांत. एकदा गेलं की सहजी निघत नाही."

"हां," काका बशीत चहा ओतत म्हणाले, "म्हणजे तुमचीबी मोरी तुंबल्याली हाय."